धात्रीच्या सावलीत

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सभागृहात मी एके काळी सतरंजीवर बसून पाहुण्यांची भाषणे ऐकली आणि खरे सांगायचे तर त्यांतील बऱ्याच भाषणांच्या वेळी झोपलो, त्याच सभागृहात आज मला व्याख्यानासाठी उभे करण्यात आले आहे. हा सन्मान मी नम्रपणे स्वीकारतो. समोर सतरंजीवर जी मुले बसली आहेत, त्यांना झोप आल्यास माझी मुळीच तक्रार असणार नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले सर माझे मुख्याध्यापक होते. त्यांच्याविषयी पुष्कळ आठवणी सांगता येतील. मी एकच सांगतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात त्या काळी शाळा जुलैत उघडत. बोर्डाचा निकाल नुकताच लागलेला असे, कोण गुणवत्ता यादीत आले याची गावभर चर्चा असे, पेढे येत. सर मात्र पहिल्या दिवशी आपल्या खोलीत बसल्याबरोबर शिपायाला सांगत, "पहिलीचा पट आण." पहिलीत नवी नावे किती आली, हे पाहून झाल्याशिवाय ते निकालाच्या कागदाला हात लावीत नसत. आम्हां मोठ्या वर्गांतील मुलांना याचा थोडा रागच येई. पहिले आलो आम्ही, आणि सर पाहतात ते शेंबड्या मुलांची नावे! सरांच्या त्या सवयीचा अर्थ मला फार उशिरा, आणि फार दूरच्या ठिकाणी, एका निवडुंगाच्या रोपापुढे गुडघे टेकून बसलो असताना उमगला. तीच हकीकत आज सांगावी असे मी ठरविले आहे. मराठीच्या अध्यापकाने वनस्पतिशास्त्रात लुडबूड करावी, हे काहींना रुचणार नाही. परंतु आयुष्यभर शब्दांचे मूळ शोधण्यात गेले. आता म्हातारपणी रोपांचे मूळ शोधावेसे वाटले, तर तो दोष क्षम्य मानावा.

माझी कन्या काही वर्षे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन या शहरी राहत होती. २०१८ साली मी तिच्याकडे गेलो होतो. त्या शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला, दोन तुकड्यांत, 'सग्वारो राष्ट्रीय उद्यान' पसरलेले आहे. सग्वारो हा तेथील महाकाय निवडुंग. लिहिताना सग्वारो असे लिहितात; तेथील लोक मधला 'ग' गिळून जवळजवळ 'सवारो' असा उच्चार करतात. चाळीस-पन्नास फूट उंचीचे, पन्हाळीदार अंगाचे, वर हात उचलून उभे असलेले ते हिरवे खांब चित्रांत आपण सर्वांनी पाहिले आहेत. मोठ्या झाडाचे वजन कित्येक टन भरते आणि त्यातला बहुतांश भाग म्हणजे साठविलेले पाणी. दीडशे वर्षांहून अधिक काळ ते जगते. टेकडीच्या उतारावर अशी हजारो झाडे एका वेळी दिसली, की पंढरीच्या वाटेवरची दिंडी हात उंचावून मध्येच थबकली आहे, असा भास होतो.

मी तेथे बराच वेळ उभा राहिलो आणि मग माझ्यातल्या मास्तराला एक शंका आली. यांत पोरे कुठे आहेत? सगळेच आजोबा आणि पणजोबा! उद्यानातील वनरक्षक बाईंना मी तसे विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्यासाठी वर पाहू नका, खाली वाका." वाटेच्या कडेला काटेरी, विरळ पानांचे एक झुडूप होते. त्याच्याखालची वाळकी पाने दूर न करता, नुसते वाकून पाहायला त्यांनी सांगितले. मी आणि माझी नात गुडघ्यांवर बसलो. प्रथम काहीच दिसले नाही. मग खोडाजवळच्या सावलीत, अंगठ्याच्या टोकाएवढा, पांढुरक्या काट्यांनी वेढलेला एक हिरवा गोळा दिसला. वनरक्षक बाई म्हणाल्या, याचे वय आठ-दहा वर्षे तरी असावे. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने आपला अंगठा दुरूनच त्याच्याशी मापून पाहिला, आणि पुढचा सगळा दिवस ती त्याला 'माझ्या वर्गातला' म्हणत होती.

पुढे जाण्यापूर्वी शब्दाविषयी थोडे बोलतो, कारण ती माझी सवय आहे. मराठीत 'निवडुंग' हा शब्द आपण दोन निराळ्या कुळांना सरसकट लावतो. माळव्यात आणि महाराष्ट्रात कुंपणाला असणारे थोर, त्रिधारी निवडुंग ही मंडळी आपली, या भूमीतील आहेत. त्यांचे अंग मोडले की पांढरा चीक येतो. संस्कृतातली 'स्नुही' ती हीच. दुसरे कूळ खऱ्या कॅक्टसांचे. हे कूळ, एखाददुसरा अपवाद वगळता, मूळचे सर्वस्वी अमेरिका खंडांतील. आपला फड्या निवडुंग त्या कुळातला असून तो परदेशातून आणलेला आहे. चीक नसणे, आणि काटे एका लहानशा मऊ गादीतून झुपक्याने फुटणे, ही त्याची ओळख. दोन कुळे, दोन खंड. पण कोरड्या प्रदेशात राहायचे म्हटल्यावर दोघांनीही पाने टाकली, अंगे फुगवली आणि काटे धारण केले. संकट सारखे असले म्हणजे न भेटलेली माणसेही सारखी वागू लागतात, तसेच हे आहे.

सग्वारोचे घर म्हणजे सोनोराचे वाळवंट. ते अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात पसरले आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूचे ढिगारे येतात; येथे तसे नाही. खडकाळ जमीन, काटेरी झुडपे, कोरडे ओढे, असा हा प्रदेश आहे. टूसॉनला वर्षाकाठी सुमारे तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या इंदुरात त्याच्या तिप्पट पडतो. तो पाऊसही दोन हप्त्यांत येतो. एक हिवाळ्यातला रिमझिम, आणि दुसरा जुलै ते सप्टेंबर या काळातला, ढगांच्या गडगडाटासह कोसळणारा. या दुसऱ्या पावसाला तेथील लोकही 'मान्सून'च म्हणतात. उन्हाळ्यात हवा चाळिशी ओलांडते आणि उघड्या जमिनीचा पृष्ठभाग साठ अंश सेल्सिअसच्या वर तापतो. उलट, हिवाळ्यातील एखाद्या रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली उतरतो. जिला तिथे जन्म घ्यायचा आहे, त्या राईएवढ्या जिवाची ही परिस्थिती ध्यानात ठेवावी.

सग्वारोला एप्रिल अखेरपासून जूनपर्यंत मोठी पांढरी फुले येतात. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. रात्री वटवाघळे आणि दिवसा मधमाश्या व पांढऱ्या पंखांची पारवी त्यांचे परागीभवन करतात. जून-जुलैत फळे पिकतात, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर. फळ फुटले की आतला लालभडक गर दिसतो आणि त्यात सुमारे दोन हजार बारीक काळ्या बिया असतात. एका मोठ्या झाडाला एका हंगामात शंभराहून अधिक फळे लागू शकतात. हिशेब आपणच करावा. आयुष्यभरात एक झाड कोट्यवधी बिया टाकते. आणि वन आहे तेवढेच टिकायचे असेल, तर त्या कोट्यवधींतून एकच झाड वाढून मोठे व्हावे लागते. एकच. पण तेवढे एक मात्र व्हावेच लागते.

बाकीच्यांचे काय होते? बहुतेक बिया पाखरे, मुंग्या, उंदीर खाऊन टाकतात. ज्या उरतात, त्यांना योग्य वेळी ओल मिळावी लागते. पावसाच्या दोन-तीन चांगल्या सरी लागोपाठ आल्या, तर काही दिवसांत बी रुजते. दोन फुगीर दलपत्रे, त्यांच्यामध्ये काट्यांचा बारीकसा ठिपका, असे ते रोप दिसते. वर्ष संपेपर्यंत ते जगलेच, तर त्याची उंची सुमारे सहा मिलिमीटर भरते. पहिल्या आठ वर्षांत ते एक-दीड इंचाच्या पुढे जात नाही. पहिले फूल यायला तीस-पस्तीस वर्षे, पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षे, आणि कोरड्या भागात त्याहूनही अधिक. आमच्या घराण्याच्या मापाने बोलायचे, तर पणजोबांच्या मुंजीत रुजलेले रोप आज कुठे हात पसरू लागले असते.

इतके मंद का, याचे कारण समजण्यासारखे आहे. मोठ्या सग्वारोजवळ पाण्याची कोठारे असतात. वर्षभर पाऊस नसला तरी ते तग धरते. रोपाजवळ मात्र कोठार बांधण्यापुरते शरीरच नसते. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या आतल्या ऐवजाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा, आणि पृष्ठभागातूनच तर पाणी उडते, ऊन लागते, थंडी शिरते. शिवाय हा निवडुंग पाणी वाचविण्यासाठी आपली सूक्ष्म रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतो. रात्री हवा साठवायची आणि दिवसा उजेडात तिचे अन्न करायचे. हा व्यवहार काटकसरीचा आहे, पण काटकसरीच्या संसारात मुले भराभर बाळसे धरीत नाहीत.

मग ते जगते कसे? तर झुडपाच्या आधाराने. मी ज्या झुडपाखाली वाकलो होतो, त्याला 'पालो व्हर्दे' म्हणतात. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ हिरवी काठी. त्याची सालही हिरवी असते आणि पाने गळून गेली तरी सालीवर त्याचा संसार चालतो. त्याच्याखेरीज 'आयर्नवूड' म्हणजे लोहकाष्ठ, आणि 'मेस्कीट', जे आपल्याकडे विलायती बाभूळ म्हणून माजलेल्या झाडाचे सख्खे नातलग आहे, तेही हे काम करतात. ही तिन्ही झाडे शेंगांच्या कुळातली. क्वचित एखादा मोठा दगडही ते काम करतो. अशा झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञ जे नाव देतात, त्याचे मराठी मी 'धात्री' असे करतो. धात्री म्हणजे दाई, दुसऱ्याच्या मुलाला अंगावर पाजून वाढविणारी उपमाता. संस्कृतात धात्री म्हणजे पृथ्वीही, आणि धात्री म्हणजे आवळीचे झाडही. दाई, भूमी आणि झाड हे तिन्ही अर्थ एका शब्दात आधीच नांदत आहेत. मला काही नवे घडवावे लागले नाही.

ही धात्री करते काय? उन्हाळ्यात तिच्या सावलीमुळे जमीन कमी तापते आणि ओल थोडी अधिक टिकते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीची ऊब सरळ आकाशाकडे निघून जाते; वर फांद्यांचे छत असेल, तर ती काही अंशी अडते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पार्क नोबेल यांनी १९८० साली या बाबतीत मोजमापे प्रसिद्ध केली. रोपाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे त्याचा शेंडा. धात्रीच्या छायेतील रोपाच्या शेंड्याचे किमान तापमान उघड्यावरील रोपाहून अधिक राहते, असे त्यांनी दाखविले. गोठणाऱ्या रात्री तेवढाच फरक जगणे आणि मरणे यांच्यातला ठरतो. याखेरीज खाली पडलेल्या काट्याकुट्यांत रोप उंदीर-सशांच्या नजरेआड राहते, आणि पालापाचोळ्याने माती थोडी कसदार होते.

हे केवळ अनुमान नव्हे. रेमंड टर्नर, स्टॅन्ली अल्कॉर्न आणि त्यांचे दोन सहकारी यांनी सग्वारोची रोपे सावलीत आणि उघड्यावर लावून त्यांची नोंद ठेवली व १९६६ साली ती प्रसिद्ध केली. उघड्यावरची रोपे वर्षाच्या आत सगळी मेली. सावलीतली काही जगली. 'काही' या शब्दाकडे लक्ष असू द्यावे. सावली ही जगण्याची हमी नव्हे. ती केवळ संधी आहे. पण संधीवाचून एकही जगत नाही.

बी त्या झुडपाखाली पोचते कसे, असा प्रश्न हुशार मूल विचारील. काही अंशी पाखरांमुळे. पांढऱ्या पंखांची पारवी फळ खाऊन पिल्लांना भरवायला झाडावरच्या घरट्याशी येते आणि भरविताना काही बिया खाली सांडतात. भरवणाऱ्या आईच्या हातून जे सांडते, त्यातून वन उभे राहते.

येथवर ही कथा गोड आहे. आता तिचा दुसरा भाग सांगितला नाही, तर मी आपली फसवणूक केल्यासारखे होईल. सग्वारो वाढतो, झुडपाच्या फांद्यांतून डोके वर काढतो आणि अखेर त्याच्याहून कितीतरी उंच होतो. त्याची मुळे उथळ आणि दूरवर पसरलेली असतात. पावसाचे पाणी जमिनीत खोल उतरण्याआधीच ती शोषून घेतात. जोसेफ मॅकॉलिफ यांनी १९८४ साली दाखवून दिले, की ज्या पालो व्हर्देंच्या छायेत सग्वारो वाढला, त्यांच्या फांद्या वाळण्याचे आणि ती झाडे मरण्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणजे ज्याला वाढविले, तोच पुढे पाणी तोडतो. आज वाळवंटात जे सग्वारो एकटे, उघड्यावर, मोठ्या ऐटीत उभे दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या पायाशी पूर्वी एक झुडूप होते. छायाचित्र सग्वारोचे निघते. झुडपाचा मागमूसही राहिलेला नसतो.

यावर नीतिपाठ देण्याचा मोह आवरला पाहिजे. झुडूप काही त्यागमूर्ती नाही. त्याने सावली पाडली ती स्वतःसाठी फांद्या पसरल्या म्हणून. सग्वारोही कृतघ्न नाही. त्याला तहान लागते. निसर्गात ऋण नावाची वस्तू नाही. ऋण ही माणसाने केलेली गोष्ट आहे, आणि म्हणूनच ते फेडण्याची जबाबदारीही फक्त माणसावर येते.

आता मी सांगणार आहे ती गोष्ट चुकीच्या निदानाची आहे. टूसॉनजवळच्या टुमामॉक टेकडीवर कार्नेगी संस्थेने १९०३ साली वाळवंटातील वनस्पतींसाठी एक प्रयोगशाळा स्थापन केली. सग्वारोच्या शास्त्रीय नावातील 'कार्नेगिया' आला तो अँड्र्यू कार्नेगी यांच्यावरूनच. १९०६ साली व्होल्नी स्पॉल्डिंग यांनी तेथे जमिनीचे काही तुकडे आखून त्यांतील झाडांची नोंद सुरू केली. ती नोंद आज शतकाहून अधिक काळ चालू आहे. फॉरेस्ट श्रीव्ह यांनी १९१० सालीच सग्वारोच्या नव्या रोपांचा प्रश्न मांडला होता: म्हातारी झाडे पुष्कळ, पण त्यांची जागा घेतील एवढी लहान झाडे दिसत नाहीत.

त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सर्वांचे डोळे महाकाय झाडांवर होते. ॲरिझोना विद्यापीठाचे अध्यक्ष होमर शांट्झ यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी १९३३ साली ते वन राष्ट्रीय स्मारक म्हणून राखले गेले. १९९४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पण स्मारक झाल्यावर काही वर्षांतच म्हातारी झाडे सडून कोसळू लागली. जखमांतून काळा द्रव वाहताना दिसला, त्यात जिवाणू सापडले, आणि ही साथ आहे असे ठरले. १९४० च्या दशकात रोगट वाटणारी झाडे तोडून, तुकडे करून पुरण्यात आली. मरण थांबले नाही. १९६२ साली एका अभ्यासात, शतक संपेपर्यंत तेथील सग्वारोवन नाहीसे होईल, असे भाकीत करण्यात आले. ते करणाऱ्यांत हेच स्टॅन्ली अल्कॉर्न होते, ज्यांनी पुढे चारच वर्षांनी सावलीतल्या रोपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूचे भाकीत केल्यावर जो माणूस जन्माकडे वळतो, त्याच्याविषयी मला मोठा आदर वाटतो.

हळूहळू चित्र स्पष्ट झाले. वॉरेन स्टीनबर्ग आणि चार्ल्स लो यांनी पुढील दोन दशके या झाडाचा अभ्यास करून सांगितले, की म्हाताऱ्या झाडांना मुख्यतः कडाक्याच्या थंडीने, विशेषतः जानेवारी १९३७ मधील गोठणाने, मारले होते. जिवाणू मागाहून आलेले. म्हातारी झाडे मरणारच होती. खरे दुखणे दुसरे होते: त्यांच्यामागे कोणी नव्हते. आणि ते का नव्हते? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या उतारांवर चुन्याच्या भट्ट्या चालत आणि त्यांच्या जळणासाठी मेस्कीट व पालो व्हर्दे तोडली जात. त्याच जमिनीवर गुरांचे कळप दशकानुदशके चरत. गुरांनी सग्वारो खाल्ला नाही. कोणी त्याच्यावर कुऱ्हाडही चालविली नाही. गेली ती केवळ झुडपे. महावृक्षाला हात न लावता त्याचा वंश बुडविण्याची ही रीत आहे. आणि ती बुडण्याची क्रिया कोणाला दिसत नाही, कारण मोठी झाडे आणखी पन्नास-साठ वर्षे दिमाखात उभी असतात, लोक त्यांचे फोटो काढीत असतात.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या मुख्य वनभागातून गुरे हलविण्यात आली. झुडपे परत आली. मग काही ओली वर्षे लागली आणि झुडपांखाली, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, रोपे रुजू लागली. भाकितातले वर्ष आले आणि गेले. वन नाहीसे झाले नाही. आज तेथे मध्यम वयाची जी असंख्य झाडे दिसतात, ती त्या काळातली.

गोष्ट येथे संपती तर बरे झाले असते. उद्यानात १९९० पासून दर दहा वर्षांनी सग्वारोंची गणना होते आणि तीत सामान्य स्वयंसेवकही भाग घेतात. उभी झाडे मोजणे सोपे. अवघड असते ते दर झुडपाखाली वाकून अंगठ्याएवढी रोपे शोधणे. या गणनांतून दिसते, की १९९० च्या दशकापासून नवी रोपे पुन्हा विरळ झाली आहेत, आणि दीर्घ अवर्षण हे त्याचे मोठे कारण मानले जाते. २०२० चा पावसाळा तेथे फार कोरडा गेला. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरात लागोपाठ एकतीस दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला आणि उभे सग्वारो कोसळले. त्यात भर म्हणजे एक गवत. आफ्रिकेपासून भारतापर्यंत जे मूळचे आहे, ज्याला राजस्थान-गुजरातेकडे धामण किंवा अंजन म्हणतात, ते गवत चाऱ्यासाठी आणि धूप रोखण्यासाठी म्हणून १९३० च्या दशकात ॲरिझोनात नेले गेले. आपल्याकडे ते गुरांचे अन्न. तिथे ते झुडपांमधील मोकळ्या जागा भरून टाकते, वाळते आणि पेटते. ज्या वाळवंटाला वणवा माहीतच नव्हता, तेथे आता वणवा पसरू शकतो, आणि निवडुंगाजवळ त्यावर काही उपाय नाही. स्वयंसेवक शनिवारी-रविवारी टेकड्यांवर जाऊन ते गवत हातांनी उपटतात. आपल्या हयातीत एकही रोप हात फुटण्याएवढे झालेले दिसणार नाही, हे ठाऊक असलेली माणसे हे करतात.

त्या भूमीचे मूळ रहिवासी तोहोनो ओओदाम. या नावाचा अर्थ 'वाळवंटातील लोक'. सग्वारोला ते झाड मानीत नाहीत; माणसांतलाच एक मानतात. फळे पिकण्याच्या महिन्यात त्यांचे नवे वर्ष सुरू होते. मेलेल्या सग्वारोच्या लांब फासळ्या बांधून केलेल्या काठीने ते जिवंत सग्वारोची फळे काढतात. गर काढून झाला की फळाची साल, लाल बाजू आकाशाकडे करून, जमिनीवर ठेवतात, पाऊस यावा म्हणून. फळाच्या रसाची मदिरा करून पावसाच्या आवाहनाचा विधी होतो. फळ, पाऊस आणि नवे वर्ष यांची गाठ त्यांनी एकत्र मारली आहे. बी पडते तेव्हाच पाऊस आला पाहिजे, हे त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होते.

जुलै महिना. तेथे बी रुजण्याचा. आपल्याकडे त्या काळी शाळा उघडण्याचा. म्हणूनच त्या झुडपाखाली वाकलेलो असताना मला सरांचा तो पट आठवला. शाळेची इमारत, सुवर्णमहोत्सवी कमान, भिंतीवरच्या गुणवंतांच्या नावांच्या पाट्या, देशोदेशी गेलेले माजी विद्यार्थी, हे सगळे उभे सग्वारो आहेत. ते पाहून ऊर भरून येतो, आणि यावा. पण सरांना ठाऊक होते, की ही उंची मागच्या पन्नास वर्षांविषयी बोलते. पुढच्या पन्नास वर्षांविषयी फक्त पहिलीचा पट बोलतो.

आपण येथे मराठी बोलणारी माणसे पिढ्यानपिढ्या, होळकरांच्या काळापासून राहतो आहोत. आपली नाट्यगृहे आहेत, ग्रंथालये आहेत, गणेशोत्सव आहेत, आणि सभागृहे आजच्यासारखी पांढऱ्या केसांनी भरतात. या व्याख्यानासाठी येण्यापूर्वी मी कार्यालयात जाऊन यंदाचा पहिलीचा पट पाहिला. आकडा सांगत नाही. तो आपल्याला ठाऊक आहे आणि येथे बसलेल्या लेकरांसमोर त्यांची मोजदाद करणे मला आवडत नाही. दोष कोणाला देऊ? माझी स्वतःची मुले या शाळेत होती. नातवंडांपैकी एकही नाही. पालकांची अडचण मी जाणतो. मराठीवर कोणी कुऱ्हाड चालविली असेही मी म्हणत नाही. माझ्या मते आपल्याकडेही गेली ती झुडपे: संध्याकाळी गोष्ट सांगणारी आजी, घरात येणारे मुलांचे मासिक, परवचा म्हणून घेणारी शेजारची काकू, शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून कच्च्या मुलाला बाराखडी गिरवून घेणाऱ्या बाई. यांतल्या कोणाचेही नाव भिंतीवरच्या पाटीवर नाही. आपण महावृक्षांचे सत्कार केले आणि झुडपांची गणती ठेवली नाही.

मी निराश मात्र नाही, आणि त्याचे कारण मी सांगितलेल्या हकीकतीतच आहे. ज्या वनाचे मृत्युपत्र शास्त्रज्ञांनी लिहून ठेवले होते, ते परतले. त्यासाठी कोणी सग्वारोला खतपाणी घातले नाही. झुडपांना त्रास देणे थांबविले आणि पावसाची वाट पाहिली, एवढेच. तेवढे आपल्याला जमण्यासारखे आहे. माजी विद्यार्थ्यांनी नवी कमान बांधून देण्याआधी आठवड्यातून एक संध्याकाळ पहिली-दुसरीच्या चार मुलांना द्यावी. गोष्ट सांगावी, वाचून घ्यावे, चुकले तर चुकू द्यावे. त्या चारांतले कोण जगेल आणि किती उंच होईल, हे आपल्याला दिसणार नाही. पुढे ते आपले पाणी तोडतील, आपल्याला विसरतील, हेही शक्य आहे. आम्ही तरी सरांना किती वेळा भेटायला गेलो?

माझी कन्या आता टूसॉनमध्ये राहत नाही. नात पंधरा वर्षांची झाली, आणि माझ्याहून उंच झाली. तिला मी अलीकडे पत्रातून विचारले, तुझ्या वर्गातला तो आठवतो का? तिने मोडक्यातोडक्या मराठीत, पण मराठीत, उत्तर पाठविले: "आजोबा, तो अजून त्या झाडाच्या खालीच असेल. त्याला बाहेर यायला खूप वेळ आहे."

त्याला वेळ आहे. आपल्याला किती आहे, हे आपले आपण ठरवावे.